केल्टिक रॉक कुठून ऐकायला घ्यावं, आणि वाजवायचं झालं तर

रॉक ऐकणारी मराठी मंडळी मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात. मेटॅलिकाचं 'व्हिस्की इन द जार' आवडलं, आता त्याच्या मागे जे काही आहे ते कुठून ऐकायला सुरुवात करू? मग ते 'केल्टिक म्युझिक' असं शोधतात आणि समोर येतो पावसाचा आवाज, हार्प आणि झोप लागावी म्हणून तयार केलेलं तीन तासांचं ध्वनिमुद्रण. नाहीतर सेंट पॅट्रिक डेच्या पार्टीसाठी केलेली गाण्यांची यादी. या दोन्हींच्या मध्ये खरा ऐवज राहून जातो.

मी कॉलेजपासून गिटार वाजवतो. नोकरीनिमित्त ग्लासगोत राहिलो तेव्हा हे संगीत जवळून ऐकलं, तिथल्या लोकांबरोबर थोडं वाजवलंही. ज्या क्रमाने ते मला उलगडलं, तोच क्रम इथे थोडा नीट लावून देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पायरी-पायरी तिच्यावर उभी आहे. चांगल्या केल्टिक रॉकमध्ये जुनी धून शाबूत असते. बदलतो तो तिच्याखालचा आधार: ड्रम्स, बेस, विजेवरची गिटार. ऐकण्यातली मजा त्या बदलात आहे, आणि तो बदल कानाला कळायचा तर धून आधी ओळखीची हवी. म्हणून थेट रॉक बँडपासून सुरुवात करू नका.

लागणारं साहित्य

ऐकण्यासाठी:
- बरे हेडफोन (फोनच्या स्पीकरवर पाइप्सचा, म्हणजे बॅगपाइप्सचा, सतत धरलेला सूर, त्यांची आस, ऐकूच येत नाही)
- गाणी शोधण्याची कुठलीही सेवा
- एक वही. खरंच ठेवा. धुनांची नावं विसरायला होतात, आणि एकाच धुनेला चार नावं असतात.

वाजवण्यासाठी:
- डी सुरातली टिन व्हिसल (पत्र्याची छोटी उभी बासरी)
- गिटार असेल तर कापो (तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा) आणि ट्यूनर
- गाण्याचा वेग कमी करणारं एखादं अॅप, ज्यात सूर बदलत नाही

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

केल्टिक म्हणजे आयर्लंड, एवढंच समीकरण घेऊन निघालात तर अर्धं संगीत हुकेल. रूढ यादीत सहा प्रदेश येतात: आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा ब्रिटनी. स्पेनमधला गॅलिसिया स्वतःला या यादीत धरतो. काही जण त्यावर वाद घालतात, पण तिथली गाइता नावाची पाइप ऐकली की मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. यात समुद्रापलीकडे गेलेल्यांची भर घाला: कॅनडातलं केप ब्रेटन आणि न्यूफाउंडलंड, अमेरिकेतलं बॉस्टन.

उच्चाराचं एक ध्यानात ठेवा. संगीत 'केल्टिक', पण ग्लासगोचा फुटबॉल क्लब 'सेल्टिक'. ग्लासगोत हा फरक लोक मनावर घेतात.

सापळा: फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा बँड पुष्कळदा या यादीत टाकला जातो. १९६९ चा त्यांचा 'लीज अँड लीफ' हा अल्बम ब्रिटनमधल्या फोक रॉकचा पाया मानला जातो आणि तो ऐकायलाच हवा, पण त्याचा गाभा इंग्लिश लोकगीतांचा आहे. फरक कळू लागला की कान तयार होतोय असं समजा.

२. धून साधी, उघडी ऐका

पहिले काही दिवस ड्रम्स-गिटार बाजूला ठेवा. चीफटन्स (स्थापना १९६२), प्लँक्स्टी आणि बॉथी बँड ऐका. बॉथी बँडचा १९७५ चा पहिला अल्बम 'द केश जिग'ने सुरू होतो. माझ्या मते नवख्या माणसाला देण्यासारखी याहून चांगली पहिली धून नाही. यात ड्रम्स नाहीत, तरी जोर रॉकचाच आहे.

ऐकताना रचनेकडे लक्ष द्या. बहुतेक नाचाच्या धुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा (बारचा) आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. पहिला भाग सहसा खालच्या सुरांत राहतो, दुसरा वर चढतो. आपल्या कानाला ही अस्ताई आणि अंतरा आहेत. अशी बत्तीस मापांची धून साधारण तीनदा वाजवली जाते आणि मग मध्ये श्वासही न घेता वाजवणारे दुसऱ्या धुनेत उडी मारतात. बऱ्याचदा तिथे सूरही बदलतो, आणि पबमधले लोक नेमके त्याच क्षणी ओरडतात. ही जागा ओळखायला शिका. रॉक बँडांनी नंतर जे केलं त्यातलं निम्मं या उडीवर उभं आहे.

तालाचं आपल्याला सोपं जातं:
- जिग सहा मात्रांची, तीन-तीन अशा दोन तुकड्यांची. दादरा हातात असेल तर पाय आपोआप हलेल.
- रील आठ मात्रांची, केरव्याच्या अंगाची, पण वेग बराच.
- स्लिप जिग नऊ मात्रांची, तीन-तीन-तीन. हिला आधी जरा वेळ द्या.
- स्ट्रॅथस्पे स्कॉटलंडचा खास. त्यात आखूड सूर आधी आणि लांब सूर नंतर असा एक झटका असतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

३. हे जुळतं का, ते सुरांतून समजून घ्या

ही पायरी गाळू नका. केल्टिक रॉकची ओढ नुसती 'व्हायोलिन अधिक ड्रम्स' असती तर ती एका गाण्यात संपली असती.

हायलँड पाइप्स घ्या. पिशवीतून तीन नळ्या वर निघतात, त्या सतत एकच सूर धरून असतात. दोन नळ्या एका सप्तकात, तिसरी त्याखालच्या सप्तकात. चौथ्या नळीवर, म्हणजे चँटरवर, धून वाजते. तिच्यावर फक्त नऊ सूर आहेत. सनईच्या मागे दुसरा माणूस नुसता सूर भरत बसतो ना, तेच काम इथे त्या तीन नळ्या करतात.

आता विजेवरच्या गिटारकडे या. रॉकमधला पॉवर कॉर्ड म्हणजे दोनच स्वर: सा आणि प. गंधार नसतो, म्हणून तो कॉर्ड आनंदी की उदास हे ठरवत नाही. पंचमात लावलेल्या तानपुऱ्यात जे स्वर असतात तेच इथे डिस्टॉर्शनमधून येतात. म्हणूनच वरची धून कोमल गंधार घेवो की शुद्ध, खालची गिटार तिच्याशी भांडत नाही. पियानोवर पूर्ण कॉर्ड धरून हीच धून वाजवून पाहा. धून अवघडून जाते. जुनी धून आणि जोरदार रॉक यांचं जमतं याचं मोठं कारण हे की दोन्हीकडे आस आहे आणि दोन्हीकडे गंधार मोकळा सोडलेला आहे.

दुसरं. डी व्हिसलवर सगळी सहा छिद्रं झाकली की डी निघतो आणि एकेक बोट उचलत गेलं की बिलावल थाट मिळतो: डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प. आता याच सुरांत ई ला सा माना. काफी थाट होतो. ए ला सा माना, खमाज होतो. आपल्याकडची मूर्च्छना हीच. आयरिश आणि स्कॉटिश धुनांचा फार मोठा साठा या तीन थाटांत बसतो, चौथा आसावरी. हायलँड पाइप्सचा चँटर तर जन्मजात खमाजच्या सुरांचा. पाश्चात्त्य पुस्तकांत यांना आयोनियन, डोरियन, मिक्सोलिडियन म्हणतात. नावं बिचकवतात, पण नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला हे सूर परके नाहीत.

रॉकलाही खमाज आणि काफीचं वेड आहे, कोमल निषादाचं विशेष. सा वरून कोमल नी वर जायचं आणि परत यायचं, एवढ्यावर किती रिफ उभे आहेत ते आपल्याच आवडत्या बँडांत मोजून बघा.

४. जोड्या लावून ऐका

इथे सावकाश चला. प्रत्येक जोडीत आधी जुनं, मग नवं, मग परत जुनं ऐकायचं.

*पहिली जोडी: 'ओ'नील्स मार्च' आणि 'डिअर्ग डूम'.* आधी मार्च शोधा, शक्यतो व्हिसल किंवा पाइप्सवरचा. चाल गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग हॉर्सलिप्सचं 'डिअर्ग डूम' लावा. पहिल्याच सेकंदाला गिटारचा जो रिफ सुरू होतो तो हा मार्च आहे. रॉकवाल्याला तो निव्वळ कडक रिफ वाटतो, आयरिश माणसाला तो शेकडो वेळा ऐकलेला मार्च वाटतो, आणि दोघंही बरोबर असतात. हॉर्सलिप्स १९७० मध्ये डब्लिनमध्ये जमले. हे गाणं १९७३ च्या 'द ताइन' या अल्बममधलं. गुरांच्या हल्ल्याची, एका बैलापायी झालेल्या युद्धाची प्राचीन आयरिश कथा अख्ख्या अल्बमभर सांगितली आहे. त्या रिफची पकड इतकी की १९९० च्या विश्वचषकासाठी आयर्लंडच्या फुटबॉल संघाचं जे गाणं निघालं त्यातही तोच वापरला.

यानंतर त्यांचा १९७६ चा 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' ऐका. मला विचाराल तर संपूर्ण प्रकारातला सर्वांत नेटका अल्बम तोच. बासरी, मँडोलिन आणि विजेवरची गिटार एकमेकांना वाट देत चालतात, कोणी कोणाची शोभेची झालर होत नाही.

*दुसरी जोडी: 'व्हिस्की इन द जार'.* आधी डब्लिनर्सचं, १९६० च्या दशकातलं, बँजो आणि खरखरीत गळा असलेलं. मग थिन लिझीचं, १९७२ च्या अखेरीस निघालेलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. मग मेटॅलिकाचं १९९८ चं, ज्याला २००० मध्ये ग्रॅमी मिळालं. कथा एकच: डोंगरात वाटमारी करणारा, लुटीचे पैसे घरी नेणारा आणि प्रेयसीकडून दगा खाणारा माणूस. डब्लिनर्सकडे ती हसत-खेळत सांगितली जाते. थिन लिझीचा गायक फिल लिनॉट तीच कथा अशी गातो की माणूस आतून तुटलाय हे कळतं, आणि एरिक बेलने सुरुवातीला घातलेली गिटारची ओळ तर मूळ गाण्यात कुठेच नव्हती. मेटॅलिकाने पुढे नेली ती हीच वाट. तिन्ही एका बैठकीत ऐका. लोकगीत हातोहात कसं बदलतं हे यापेक्षा स्पष्ट कुठे ऐकायला मिळणार नाही.

*तिसरी जोडी: 'द मेसन्स एप्रन' ही रील.* डब्लिनर्सच्या बार्नी मॅकेनाने ती बँजोवर वाजवलेली ऐका. मग थिन लिझीचा १९७९ चा 'ब्लॅक रोझ' हा अल्बम घ्या आणि त्याच्या शेवटच्या लांब गाण्यात गॅरी मूरची गिटार ऐकत राहा. पारंपरिक चालींच्या माळेत ही रील सुसाट येऊन जाते. गिटार शिकणाऱ्यांनी ती उचलून बघावी. रीलमधला प्रत्येक सूर पिकने स्वच्छ वाजवणं हा व्यायाम भल्याभल्यांना घाम फोडतो.

*चौथी जोडी ब्रिटनीची: 'त्री मार्तोलोद'.* तीन खलाशांचं हे पारंपरिक ब्रेतोन गाणं. अ‍ॅलन स्टिवेलच्या वडिलांनी १९५३ मध्ये जुन्या केल्टिक हार्पची नवी प्रत स्वतः बनवली आणि मुलाच्या हाती दिली. तोच मुलगा २८ फेब्रुवारी १९७२ ला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात हार्प, बोंबार्ड (सनईसारखं ब्रेतोन वाद्य) आणि विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला. त्या मैफलीचा अल्बम मिळवाच. ब्रेतोन भाषा बोलायची लाज वाटायची अशा काळात वाढलेल्या पिढीला त्या रात्रीने आपलं गाणं परत दिलं, असं तिथले लोक अजून सांगतात. पुढे १९९८ मध्ये मानाऊ नावाच्या फ्रेंच रॅप गटाने हीच चाल वापरली आणि ते गाणं फ्रान्सभर गाजलं.

सापळा: 'फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क' जुनं लोकगीत आहे असं समजून त्याचं मूळ शोधत बसू नका. ते पोग्ज या बँडचं स्वतःचं, १९८७ चं.

५. आता आपला फाटा निवडा

चार जोड्या झाल्या की पुढे कुठे जायचं ते आवडीवर ठरवा. सगळं ऐकायची घाई नको.

पंक आवडत असेल तर पोग्ज. १९८२ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात जमलेला हा बँड. अकॉर्डियन, बँजो, व्हिसल, आणि अँड्र्यू रँकेन सुरुवातीला उभ्याने मोजकेच ड्रम्स बडवायचा. 'रम, सॉडमी अँड द लॅश' (१९८५) आणि 'इफ आय शुड फॉल फ्रॉम ग्रेस विथ गॉड' (१९८८) या क्रमाने ऐका. त्यांचा गायक शेन मॅकगोवन ३० नोव्हेंबर २०२३ ला गेला. त्याच्या दारूचे किस्से सगळीकडे सापडतात, मी मात्र त्याचे शब्द वाचायला सांगेन. परमुलखात राबणाऱ्या आयरिश माणसाचं एकटेपण त्याच्याइतकं कोणी लिहिलं नाही. १९८८ च्या अल्बममध्ये फिलिप शेव्हरॉनने लिहिलेलं 'थाउझंड्स आर सेलिंग' आहे, अमेरिकेला निघालेल्यांचं. घर सोडून दूर देशी राहणाऱ्या मराठी माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच वाटेवर पुढे बॉस्टनजवळच्या क्विन्सीचे ड्रॉपकिक मर्फीज (१९९६ पासून) आणि लॉस एंजेलिसचे फ्लॉगिंग मॉली येतात. जोर हवा असेल तर उत्तम. पण मला त्यांच्यात धून कमी आणि घोषणा जास्त ऐकू येतात, म्हणून सुरुवात इथून नको म्हणतो.

मोठ्या मैदानातलं, दाटून आणणारं रॉक आवडत असेल तर रनरिग. स्काय बेटावरचा, १९७३ पासूनचा हा बँड. रोरी आणि कॅलम मॅकडॉनल्ड हे भाऊ गाणी लिहायचे, इंग्रजीत आणि स्कॉटिश गेलिकमध्ये. २०११ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे ५७,००० होते, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. त्या भाषेतलं 'आन उव्हल अस आयर्ज' १९९५ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत गेलं, असं पूर्वी कुठल्याही गेलिक गाण्याच्या बाबतीत घडलं नव्हतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टर्लिंगला त्यांनी निरोपाच्या मैफली केल्या. त्यांचं चित्रीकरण मिळालं तर बघा: हजारो लोक त्यांच्या ओळी त्यांच्यासाठी गातात.

वाद्यसंगीत हवं असेल तर मूव्हिंग हार्ट्सचा 'द स्टॉर्म' (१९८५). त्यात डेव्ही स्पिलानचे इलन पाइप्स (आयर्लंडचे बॅगपाइप्स) सॅक्सोफोनच्या शेजारी बसतात. व्हायोलिन आवडत असेल तर वॉटरबॉइजचा 'फिशरमन्स ब्लूज' (१९८८), नाहीतर केप ब्रेटनच्या अ‍ॅशली मॅकआयझॅकचं 'स्लीपी मॅगी', ज्यात मेरी जेन लॅमंड गेलिकमध्ये गाते. मेटलवाल्यांसाठी आयर्लंडचा क्रुआखन आणि स्वित्झर्लंडचा एलुव्हेटी.

आणि रॉकच्या पुढे जायचं असेल तर मार्टिन बेनेटचा 'ग्रिट' (२००३). जुन्या, अस्सल गायकांच्या ध्वनिमुद्रणांखाली त्याने इलेक्ट्रॉनिक ठेके घातले. धून शाबूत आणि आधार नवा, हे सूत्र त्याने शेवटच्या टोकापर्यंत नेलं. २००५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला.

६. वाद्य हातात घ्या

*व्हिसल.* सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणी सुरुवात. बासरी वाजवत असाल तर एक घोळ आधीच मिटवा. आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन छिद्रं झाकून येणाऱ्या सा वरून सांगतात. व्हिसलची पट्टी सगळी सहा झाकून येणाऱ्या सुरावरून. म्हणजे डी व्हिसलची बोटं हवी असतील तर जी पट्टीची बासरी मागा. दुकानात 'डी द्या' म्हणालात की आयरिश धुनांना न जुळणारी बासरी हातात येईल.

पहिली धून: 'मॉरिसन्स जिग'. आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) जेम्स मॉरिसन याच्या नावाने ओळखली जाते. ई वर सा ठेवला की निव्वळ काफी, आणि सगळे सूर डी व्हिसलवर सरळ बोटांनी निघतात. वेग कमी करणाऱ्या अॅपवर निम्म्या वेगाने बसवा. स्वरलिपी 'द सेशन' या संकेतस्थळावर फुकट मिळते, पण कागदावरून वाजवलेली जिग कागदासारखीच वाजते. कानाने शिका, लिपी फक्त अडेल तिथे बघा.

*गिटार.* मॉरिसन्सखाली ई मायनर आणि डी हे दोन कॉर्ड पुरतात. ते जमले की तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून बघा. डेव्ही ग्रॅहमने १९६० च्या दशकात ही जुळवणी रूढ केली. डी ला सा धरलं तर तारा होतात सा-प-सा-म-प-सा. गंधार पुन्हा गायब! आयरिश साथीला ती का आवडते हे तिसरी पायरी वाचलेल्याला सांगायला नको.

*पाइप्स.* थेट पाइप्स विकत घेऊ नका. आधी प्रॅक्टिस चँटर (पिशवी नसलेली सरावाची नळी), तोही गुरूजवळ, आणि पाइप्सला हात लावण्याआधी त्यावर बरेच महिने. पिशवीतली हवा थांबत नाही, त्यामुळे एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये निमिषभराचा दुसरा सूर घालून तो तोडावा लागतो. या तोडण्याच्या सुरांची एक अख्खी शिस्त आहे आणि ती व्हिडिओ बघून बसत नाही. आपल्याकडे एक सोय आहे. भारतीय लष्कराच्या अनेक पलटणींत पाइप बँड आहेत, २९ जानेवारीला दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीटमध्ये ते ऐकलेही असतील. पुणे-बेळगावसारख्या लष्करी वस्तीच्या गावांत निवृत्त पायपरची चौकशी करा.

सापळा: ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या पाइप्स बहुतेक वेळा भिंतीवर टांगायच्या लायकीच्या असतात, सूर धरत नाहीत. आणि जुन्या पाइप्सवर हस्तिदंताच्या कड्या असू शकतात, तशी पाइप सीमाशुल्कातून सहज सुटेल असं धरून चालू नका.

७. बँडमध्ये बसवताना

सर्वांत मोठी अडचण सुराची. हायलँड पाइप्सचा 'ए' नावाचा सूर प्रत्यक्षात वाजतो बी फ्लॅटच्या थोडा वर. गिटारवाला पहिल्या पडद्यावर कापो लावून ए च्या आकारात वाजवतो, पण तेवढ्याने भागत नाही. पायपरचा सूर ४८० हर्ट्झवर असेल तर ट्यूनरचं मानक ४४० ऐवजी ४५३ करावं लागतं. कीबोर्डलाही तेवढंच सरकवा. अकॉर्डियन आणि हार्मोनियम मात्र हलत नाहीत, त्यामुळे ते असतील तर पायपरला बरोबर बी फ्लॅटमध्ये वाजणारा चँटर आणायला सांगा. ही चौकशी पहिल्या तालमीच्या आधी फोनवर करा. इलन पाइप्सचं दुखणं उलटं. सहसा ते डी मध्ये, गिटारशी सरळ जुळणारे, पण आवाज लहान. त्यांना चांगला माइक द्या आणि ड्रम्सपासून लांब बसवा.

ड्रमरला धून तोंडपाठ हवी. रीलखाली दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर स्नेअर मारत राहिलं की नाच मरतो आणि कवायत उरते. बॉडरन (डफासारखं आयरिश तालवाद्य) वाजवणारा काय करतो ते ऐकायला लावा: तो ठोके धुनेच्या वळणांवर हलवतो. बेसवाल्याला सांगा, पहिली आठ मापं नुसता सा धर. दुसऱ्या भागात धून वर चढेल तेव्हा कोमल नी वर जा. तेवढ्याने सभागृह उठतं.

आणि सोलोचा मोह आवरा. या संगीतात धून तीनदा वाजते ती कंटाळा येण्यासाठी नाही. पहिल्यांदा एकटं फिडल, दुसऱ्यांदा बेस-गिटार, तिसऱ्यांदा सगळे, आणि मग नव्या सुरातल्या धुनेत उडी. सोलो घालायचाच तर उडीच्या आधी घालू नका, ती जागा फुकट जाते.

८. सेशनला गेलात तर

पबमध्ये टेबलाभोवती बसून वाजवतात त्याला सेशन म्हणतात. डब्लिनमध्ये स्मिथफील्डचं कॉबलस्टोन, एडिनबरामध्ये सँडी बेल्स ही नावाजलेली ठिकाणं. ती मंडळी मैफल करत नसतात, आपापसात वाजवत असतात. म्हणून:

- पहिल्या दिवशी वाद्य पेटीतच ठेवा आणि ऐका.
- बसण्याआधी विचारा. रिकामी दिसणारी खुर्ची बऱ्याचदा कोणाची तरी असते.
- एक गिटार आणि एक बॉडरन पुरे. आधीच कोणी वाजवत असेल तर थांबा.
- धून येत नसेल तर शांत बसा. अंदाजाने सूर चाचपडणं तिथे फार खटकतं.
- रेकॉर्डिंग विचारून करा. हो म्हणतात बहुधा.

बंडाची, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धची आयरिश गाणी सुचवू नका, विशेषतः ग्लासगो आणि बेलफास्टमध्ये. चाल गोड असली तरी तिथे गाण्याला धर्म आणि राजकारण चिकटलेलं असतं. किती, ते पोग्जवरूनच कळेल: चुकीने शिक्षा झालेल्या सहा आयरिश माणसांच्या बाजूने लिहिलेल्या त्यांच्या गाण्याच्या प्रसारणावर ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये बंदी आली. त्या सहा जणांची सुटका १९९१ मध्ये झाली.

९. प्रत्यक्ष जायचं ठरवलंत तर

- जानेवारी: ग्लासगोचा केल्टिक कनेक्शन्स, १९९४ पासून. थंडी कडक, पण सगळं छताखाली आणि एका शहरात. पहिल्या खेपेला हाच निवडा.
- जुलै: आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात मिल्टाउन मॅलबेला विली क्लॅन्सी समर स्कूल, १९७३ पासून. सकाळी शिकवणी, रात्री गावभर सेशन. व्हिसल हातात बसली असेल तरच जा.
- ऑगस्ट: ब्रिटनीतल्या लोरियांचा आंतरकेल्टिक महोत्सव, १९७१ पासून. साही प्रदेशांचे लोक एकत्र दिसतात.

कागदपत्रांत लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. आयर्लंड युनायटेड किंग्डमचा भाग नाही आणि फ्रान्स ज्यात येतो त्या शेंगेन व्हिसा-क्षेत्रातही नाही. भारतीय पासपोर्टवर ग्लासगो, डब्लिन आणि लोरियां करायचं तर तीन वेगळ्या व्यवस्था लागू होतात. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात एक सामाईक व्हिसा योजना आहे, ती भारतीयांना लागू आहे, पण व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल तरच, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. अर्ज करण्याआधी दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ताजे नियम वाचा. सोबत परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण, बँकेचे उतारे आणि महोत्सवाची तिकिटं किंवा शिकवणीच्या प्रवेशाचा कागद ठेवा. व्हिसल केबिन बॅगेत न्या. गिटार नेणार असाल तर तिच्या तारा थोड्या सैल करून टणक पेटीत घाला आणि विमान कंपनीला आधी कळवा.